सिंगल माल्टच्या आस्वादाची संध्याकाळ : बाटल्या कशा निवडाव्यात?

सिंगल माल्ट व्हिस्की चाखण्यासाठी मित्रमंडळींना घरी बोलवायचे ठरले की बहुतेक यजमान दुकानात जातात आणि परवडतील तेवढ्या नामांकित, शक्यतो जास्त वर्षे मुरलेल्या चार-पाच बाटल्या उचलून आणतात. संध्याकाळ मजेत जाते, परंतु दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना एवढेच आठवते की एक व्हिस्की धुरकट होती आणि बाकीच्या सगळ्या छान होत्या. नवख्या माणसाला एकामागून एक पाच अनोळखी चवी दिल्या तर त्याच्या जिभेला कशाशी काय ताडून पाहावे हेच कळत नाही. म्हणून निवड करताना एक नियम पाळावा: शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन व्हिस्कींमध्ये शक्यतो एकच गोष्ट वेगळी असावी. तसे केले की पहिल्यांदाच चाखणाऱ्यालाही तो फरक स्वतःच्या नाकाने ओळखता येतो. किंमत, वय आणि नाव या गोष्टी त्यानंतर पाहाव्यात.

लेबल वाचण्यापासून सुरुवात करा

स्कॉच सिंगल माल्टची व्याख्या कायद्याने बांधलेली आहे. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमावलीनुसार ती एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेली बार्ली (हाच माल्ट), पाणी आणि यीस्ट यांपासून, पॉट स्टिलमध्ये, म्हणजे मद्य गाळण्याच्या तांब्याच्या भांड्यात, गाळलेली असावी लागते. ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात ती स्कॉटलंडमध्येच किमान तीन वर्षे मुरावी लागते आणि बाटलीत भरताना तिच्यात मद्यार्काचे प्रमाण किमान ४० टक्के असावे लागते. पाणी आणि साधा कॅरॅमल रंग यांखेरीज तिच्यात काहीही मिसळता येत नाही. मात्र डिस्टिलरी एक असली तरी पिंपे अनेक असतात, आणि बाजारातली बहुतेक सिंगल माल्ट शेकडो पिंपांतील व्हिस्की एकत्र करूनच तयार होते.

‘ब्लेंडेड माल्ट’ असे लिहिलेल्या बाटलीत अनेक डिस्टिलरींचे माल्ट एकत्र केलेले असतात; मंकी शोल्डर हे त्याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण आहे. ‘ब्लेंडेड स्कॉच’मध्ये, म्हणजे जॉनी वॉकर ब्लॅक लेबलसारख्या व्हिस्कीत, त्याशिवाय इतर धान्यांची व्हिस्कीही असते. या दोन्ही प्रकारांत उत्तम व्हिस्की आहेत, परंतु कोणती चव कुठून आली हे शोधण्याचा उद्देश असेल तेव्हा त्यांना बाजूला ठेवावे. भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या अनेक स्वस्त ब्रँडांत तर उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो आणि त्यांची माल्टशी तुलना करण्यात काही अर्थ नाही.

लेबलावरचा वयाचा आकडा बाटलीतील सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो. बारा वर्षे लिहिले असेल तर आतला प्रत्येक थेंब किमान बारा वर्षे मुरलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या संध्याकाळसाठी अठरा किंवा एकवीस वर्षांच्या बाटल्या घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लाकडात दीर्घकाळ मुरलेल्या व्हिस्कीतील बारकावे समजायला आधी तरुण व्हिस्कीची ओळख लागते, आणि ती नसताना त्यावर खर्चलेले पैसे वाया जातात. वयापेक्षा तीव्रतेच्या आकड्याकडे अधिक लक्ष द्यावे. ४० आणि ४६ टक्क्यांतला फरक जिभेला लगेच जाणवतो. ४६ टक्क्यांवर भरलेली व्हिस्की बहुधा थंड करून फिल्टर केलेली नसते, त्यामुळे तिचा पोत किंचित दाट लागतो आणि पाणी घातल्यावर ती क्वचित धूसर दिसते. ते धूसरपण दोषाचे लक्षण नाही.

चव कुठून येते

चवीतला सर्वांत मोठा वाटा पिंपाचा असतो, म्हणून इथे थोडे थांबू. अमेरिकेच्या कायद्यानुसार बर्बन व्हिस्कीसाठी आतून जाळलेले नवे कोरे ओकचे पिंप वापरावे लागते. एकदा वापरलेले पिंप त्यांना बर्बनसाठी पुन्हा वापरता येत नसल्यामुळे सुमारे २०० लिटरची ही पिंपे मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात. अमेरिकन ओकमधून व्हॅनिलाचा, मधाचा आणि ओल्या खोबऱ्याचा वास येतो. लाकडातील लिग्निन उष्णतेने फुटून त्यातून व्हॅनिलिन तयार होते आणि खोबऱ्याचा वास ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. लवंगेला तिचा वास देणारे युजेनॉलही ओकमध्ये असते, त्यामुळे ग्लासात कोणाला लवंग जाणवली तर ती कल्पना समजू नये.

दुसरा मोठा प्रकार शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांचा. स्पेनमधील शेरी पूर्वी पिंपांतून ब्रिटनमध्ये येत असे आणि रिकामी पिंपे व्हिस्कीवाले विकत घेत. आज बहुतेक पिंपे मुद्दाम शेरी भरून व्हिस्कीसाठी तयार करवून घेतली जातात. त्यांत मुरलेल्या व्हिस्कीत मनुका, खजूर, सुके अंजीर आणि मसाल्याची झाक येते. तिचा रंग बहुधा गडद असतो, परंतु कॅरॅमलची परवानगी असल्यामुळे रंगावरून पिंपाचा अंदाज बांधू नये.

पीटचा धूर ही दुसरी गोष्ट. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचून दबलेली वनस्पतींची माती. ती कापून, वाळवून इंधन म्हणून वापरतात. मोड आलेली बार्ली पीटच्या धुरावर सुकवली की धुराचा वास देणारी फिनॉल नावाची द्रव्ये दाण्याला चिकटतात आणि पुढे गाळलेल्या मद्यातही उतरतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटावरच्या आर्डबेग, लाफ्रॉइग आणि लागावूलिन या डिस्टिलरी यासाठी प्रसिद्ध आहेत. आर्डबेगची बार्ली सुमारे ५५ पीपीएम (दशलक्ष भागांत ५५ भाग) फिनॉलची असते असे सांगितले जाते. हा आकडा बार्लीचा आहे. गाळताना आणि मुरताना तो पुष्कळ खाली येतो, त्यामुळे दोन बाटल्यांची तुलना केवळ त्यावरून करता येत नाही.

स्कॉटलंडच्या नियमावलीत हायलंड, लोलंड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्बेलटाउन असे पाच प्रदेश आहेत, आणि पुष्कळ मार्गदर्शकांत प्रत्येक प्रदेशातून एक बाटली घ्या असे सांगितलेले आढळते. हा सल्ला मला पटत नाही. आयलावरच्या बुनाहाव्हनची नेहमीची बारा वर्षांची व्हिस्की धुराशिवाय बनते, तर स्पेसाइडमधल्या बेनरोमाकमध्ये धूर असतो. प्रदेशाचे नाव पत्ता सांगते, चवीची हमी देत नाही.

तिसरी गोष्ट हवामानाची, आणि इथे गोव्याचा संबंध येतो. पिंपातून दरवर्षी काही व्हिस्की हवेत उडून जाते. स्कॉटलंडच्या थंड गोदामांत हे प्रमाण साधारण २ टक्के असते, तर गोवा किंवा बंगळुरूच्या उष्णतेत ते १० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. उष्णतेमुळे मद्य लाकडात वेगाने शिरते आणि त्यातील चवीही लवकर घेते. म्हणूनच बंगळुरूची अमृत आणि गोव्याची पॉल जॉन या भारतीय सिंगल माल्टच्या बहुतेक बाटल्यांवर वय लिहिलेले नसते. दहा-पंधरा वर्षे वाट पाहिली तर पिंपात फारसे उरणारच नाही. अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये ग्लासगोत बाजारात आणली आणि दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळीच्या डिस्टिलरीत बनणारी पॉल जॉन २०१२ मध्ये लंडनमध्ये आली. भारतीय माल्ट आधी परदेशात मान्यता पावली आणि नंतर आपल्याकडच्या दुकानांत रुजली, याची प्रत्येक यजमानाने पाहुण्यांना जरूर आठवण करून द्यावी.

पाच बाटल्यांचा एक संच

आता प्रत्यक्ष निवड. पहिल्या संध्याकाळी पाचाहून अधिक व्हिस्की ठेवू नयेत, कारण त्यापुढे नाक थकते. खालील संच मी सुचवतो तो त्यांतल्या जोड्यांसाठी.

पहिली ग्लेनमॉरंजी ओरिजिनल. हायलंडमधील टेन गावाजवळच्या या डिस्टिलरीच्या स्टिल पाच मीटरहून उंच आहेत. इतक्या उंचीवर हलकी वाफच पोहोचते, त्यामुळे मद्य नाजूक आणि फुलाफळांच्या वासाचे निघते. ही व्हिस्की बर्बनच्या पिंपांत मुरते. अनेक वर्षे ती दहा वर्षांची म्हणून मिळत असे, २०२४ पासून बारा वर्षांची झाली आहे. दुकानात जुनी बाटली मिळाली तरी हरकत नाही.

दुसरी ग्लेनमॉरंजी लसांटा. डिस्टिलरी तीच, स्टिल त्याच, पिंपे सुरुवातीला बर्बनचीच. मात्र शेवटचा काळ ही व्हिस्की शेरीच्या पिंपांत घालवते. पहिल्या दोन ग्लासांमध्ये जो फरक जाणवेल तो मुख्यतः शेरीच्या पिंपाचा आहे. पाहुण्यांपैकी कोणाला पहिल्या ग्लासात संत्र्याची साल आणि मध, तर दुसऱ्यात मनुका जाणवल्या, की पुढे पिंपावर वेगळे भाषण करण्याची गरज उरत नाही.

तिसरी पॉल जॉन ब्रिलियन्स आणि चौथी पॉल जॉन बोल्ड. दोन्ही गोव्याच्या, दोन्ही बर्बनच्या पिंपातल्या, दोन्ही ४६ टक्क्यांच्या. ब्रिलियन्समध्ये धूर अजिबात नाही, तर बोल्डमध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या पीटचा धूर आहे. पीट म्हणजे नेमके काय हे शिकवायला इतकी नेटकी जोडी आपल्याकडच्या दुकानांत मला दुसरी माहीत नाही. यांच्या मध्ये हलक्या धुराची पॉल जॉन एडिटेडही ठेवता येईल, पण मग एक बाटली वाढेल.

पाचवी आर्डबेग दहा वर्षे. हीही ४६ टक्क्यांची, हीही बर्बनच्या पिंपातली आणि धुराची. बोल्डनंतर लगेच ती चाखली की धूर दोन्हीकडे असूनही व्हिस्की किती वेगळी लागते हे कळते. गोव्याच्या उष्णतेत मुरलेल्या बोल्डमध्ये गोडवा आणि मसाला पुढे येतो, तर आर्डबेगमध्ये लिंबू, डांबर, समुद्राची खारी हवा आणि विझत आलेल्या चुलीचा धूर. बार्लीची जात, स्टिलचा आकार आणि पीटचे प्रमाणही इथे वेगळे आहे, म्हणून ही तुलना पहिल्या दोन जोड्यांइतकी काटेकोर नाही, तरी संध्याकाळच्या शेवटी ती फार रंगते.

आर्डबेग न मिळाल्यास लाफ्रॉइग दहा वर्षे घ्यावी. तिच्यातला आयोडीनसारखा, दवाखान्याची आठवण करून देणारा वास काहींना पहिल्याच घोटात आवडतो आणि काहींना कधीच आवडत नाही. धूर अजिबात नको असलेली मंडळी असतील तर स्पेसाइडमधल्या डफटाउन गावात शेजारी-शेजारी असलेल्या, एकाच मालकाच्या ग्लेनफिडिक आणि बाल्व्हेनी या डिस्टिलरींच्या बारा वर्षांच्या बाटल्यांची जोडी लावावी.

किती घ्यावे, कुठून घ्यावे

प्रत्येकाला प्रत्येक व्हिस्कीचे १५ मिलि पुरेसे होते. पाच व्हिस्कींचे मिळून ७५ मिलि, म्हणजे अडीच छोटे पेग, आणि दोन-अडीच तासांच्या संध्याकाळसाठी त्याहून अधिक देऊ नये. आठ जण असतील तर प्रत्येक बाटलीतून १२० मिलि खर्च होतात आणि ७५० मिलिच्या बाटलीत ६३० उरतात. म्हणून खर्च एकट्याने उचलण्यापेक्षा पाच जणांनी एकेक बाटली आणावी, मात्र कोणी कोणती आणायची हे यजमानाने आधी ठरवून द्यावे. ते पाहुण्यांवर सोडले तर जोड्या जमत नाहीत. परदेशात राहणाऱ्यांना ग्लेनमॉरंजीचा १०० मिलिच्या चार बाटल्यांचा संच मिळू शकतो आणि त्यातल्या एकेका बाटलीत सहा जणांची सोय होते.

घरातल्या पेगमापावर साधारणपणे ३० आणि ६० च्याच खुणा असतात. औषधाच्या दुकानात मिळणारा ५, १० आणि १५ मिलिच्या खुणांचा प्लास्टिकचा छोटा कप या कामाला उत्तम. तो नवा घ्यावा, कारण खोकल्याच्या औषधाचा वास कितीही धुतला तरी जात नाही.

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षे आहे आणि मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. गोव्यात बाटली स्वस्त पडते म्हणून परवान्याशिवाय तिथून महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे, मग ती स्वतःच्या वापरासाठी का असेना. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येते, आणि आर्डबेगसारखी बाटली त्या मार्गाने मिळवणे सोयीचे असते. तारीख ठरवताना ड्राय डे पाहून घ्यावा, निदान खरेदी तरी त्याआधी उरकावी.

खोली, ग्लास आणि पाणी

ज्या खोलीत चाखायचे तिथे त्या दिवशी उदबत्ती, धूप किंवा डासांची कॉइल लावू नये, रजनीगंधाची फुले ठेवू नयेत आणि पाहुण्यांना अत्तर न लावता येण्याची विनंती आधीच करावी. स्वयंपाकघरात मासे तळले जात असतील तर आर्डबेगसुद्धा तग धरू शकत नाही. जेवण आधी हलके करावे. वरण-भातासारखे काही चालेल. चकना शेवटच्या ग्लासानंतरच बाहेर काढावा, कारण तिखट शेव किंवा कांदा-लसणाचा चिवडा एकदा तोंडात गेला की पुढचा तासभर जिभेवर दुसरे काही उमटत नाही. मधल्या वेळी साधा पाव, बिनमिठाची बिस्किटे आणि भरपूर पाणी असावे.

ग्लास खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास यासाठीच बनवलेला आहे. नसल्यास वाइनचा लहान ग्लास चालतो. नेहमीचा रुंद तोंडाचा, जाड बुडाचा ग्लास मात्र वापरू नये, त्यातून वास उडून जातो. ग्लास वासरहित साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, उलटे न ठेवता वाळवावेत. कपाटात उलट्या ठेवलेल्या ग्लासात लाकडाचा कुबट वास साचतो. बर्फ ठेवूच नये. उन्हाळ्यात खोली गार करावी, व्हिस्की नाही.

पाणी मात्र हवेच. साध्या, कमी क्षारांच्या पाण्याचा छोटा पेला आणि ड्रॉपर प्रत्येकाजवळ ठेवावा. पाण्याने चव मरते ही समजूत चुकीची आहे. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय अभ्यासातून दाखवले की व्हिस्की सौम्य केल्यावर धुराचा वास देणारे ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे येते, म्हणजे आपल्या नाकाच्या अधिक जवळ. व्हिस्कींचे मिश्रण ठरवणारे व्यावसायिक ब्लेंडर तर नमुने २० टक्क्यांपर्यंत सौम्य करून हुंगतात. पुढे कधी ६० टक्क्यांची कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली) बाटली उघडलीत, तर १५ मिलिमध्ये ५ मिलि पाणी घातल्यावर ती ४५ टक्क्यांवर येते. तेवढे आधीच घालून मग चाखायला हरकत नाही.

ग्लास हातात आल्यावर

जोडीतल्या दोन्ही व्हिस्की एकाच वेळी ओताव्यात आणि ग्लासांवर छोट्या काचेच्या बश्या झाकून दहा मिनिटे ठेवाव्यात. बाटल्यांवर कागद गुंडाळून फक्त क्रमांक लिहिले तर फार उत्तम, कारण नाव दिसले की माणूस ऐकलेलेच सांगू लागतो.

बशी काढल्यावर नाक थेट ग्लासात खुपसू नये. ग्लास हनुवटीशी धरावा, ओठ किंचित विलग ठेवावेत आणि ग्लास सावकाश वर आणावा. मद्यार्काचा झटका न बसता वास येऊ लागेल अशी एक जागा सापडते, तिथेच थांबावे. दोन ग्लासांमध्ये आळीपाळीने तीन-चार वेळा हुंगल्याशिवाय घोट घेऊ नये. पहिला घोट अगदी लहान, फक्त जीभ ओली करण्यापुरता असावा. तो जळजळतोच आणि त्यावरून मत बनवू नये. दुसरा घोट तोंडात काही क्षण फिरवावा आणि गिळल्यावर नाकाने श्वास बाहेर सोडावा, कारण बराचसा स्वाद तेव्हाच जाणवतो. त्यानंतर दोन-तीन थेंब पाणी घालून हे सारे पुन्हा करावे.

बोलण्याआधी प्रत्येकाने दोन ओळी लिहाव्यात. एक जण मोठ्याने ‘केळे’ म्हणाला की सगळ्यांना केळेच येऊ लागते. लिहिताना परदेशी चाखणाऱ्यांचे शब्द उसने घेण्याची गरज नाही. शिकरणीतले केळे, वेलदोडा, काकवी, ओले खोबरे, चिंचेचा कोळ, नव्या पुस्तकाचा कागद, पावसाळ्यात न वाळलेले घोंगडे: ज्याला जे आठवेल ते त्याने लिहावे. पिकलेल्या केळ्याला त्याचा वास देणारे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हे एस्टर यीस्टही तयार करते आणि ते व्हिस्कीत उतरते, तेव्हा अशा नोंदींना वस्तुस्थितीचा आधार असतो.

क्रम वर दिला तोच ठेवावा: हलक्याकडून भारीकडे, कमी तीव्रतेकडून अधिक तीव्रतेकडे आणि धूर सर्वांत शेवटी. आर्डबेग चाखल्यावर ग्लेनमॉरंजीकडे परत जाऊ नये, ती पाण्यासारखी लागेल. न आवडलेली व्हिस्की ओतून टाकण्यासाठी मेजावर एक भांडे असावे आणि ते वापरण्यात कोणालाही संकोच वाटू नये, हे यजमानाने सुरुवातीलाच सांगावे. गाडी चालवून कोणीही परत जाणार नाही, याची व्यवस्था निमंत्रणाच्या वेळीच करावी.

उरलेल्या बाटल्या उभ्या ठेवाव्यात. वाइनप्रमाणे आडव्या ठेवल्यास तीव्र मद्यार्क बुचाला खातो. अंधाऱ्या, थंड कपाटात अर्ध्याहून अधिक भरलेली बाटली वर्षभर सहज चांगली राहते; एक तृतीयांशाच्या खाली आली की आतली हवा वाढते आणि चव हळूहळू सपाट होते, तेव्हा ती काही महिन्यांत संपवावी किंवा स्वच्छ धुऊन वाळवलेल्या छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, नाव आणि तारखेची चिठ्ठी लावून ठेवावी.